खुणेच्या तीन हात मागे

जरा थांबा! गोदाम समजून पुढे निघालात ना? मी रेल्वे इंजिनांची गोल शेड बोलतेय. वय एकशे चौदा, पण आवाज अजून खणखणीत आहे.

गवंड्यांनी मला अर्धगोलात बांधलं, बावीस खणांची. प्रत्येक खणात वाफेचं एक इंजिन राहायचं. समोर गोल खड्डा आणि त्यात मधल्या खुंटावर फिरणारा लोखंडी पूल. त्याला सगळे टर्नटेबल म्हणत. इंजिन पुलावर यायचं, पूल फिरायचा आणि त्याला हव्या त्या खणासमोर नेऊन सोडायचा. परतीच्या प्रवासासाठी इंजिनाचं तोंड फिरवून द्यायचं कामही आमचंच.

या पुलाला मोटर नव्हती. दोन माणसं दोन टोकांच्या दांड्यांना छाती लावायची आणि शंभर टनांचं धूड गुमान फिरायचं. ताकदीचा खेळ नव्हताच तो, सगळा तोलाचा. दोन्हीकडे वजन सारखं पडलं की पूल हलका होतो. हे कसब ज्या एका माणसाच्या हातात होतं, त्यांना सगळे फिरकीमामा म्हणत. इंजिन वीतभर पुढे गेलं तरी मामा ड्रायव्हरची खरडपट्टी काढायचे, "इंजिन आहे ते, गाठोडं नव्हे, कुठंही टाकायला!"

मग डिझेलची इंजिनं आली. त्यांना तोंड फिरवून घ्यायची गरज नव्हती आणि माझं कौतुकही नव्हतं. माझे खण एकेक करून रिकामे झाले. एक इंजिन तेवढं राहिलं, कारण त्याला न्यायचा हुकूम काढायलाच कुणीतरी विसरलं. काचा फुटल्या, कबुतरं आली. पावसात मी रडायचे, तर लोक म्हणायचे छप्पर गळतंय.

तीस वर्षं अशी गेली आणि एक दिवस मोठे साहेब नकाशा घेऊन आले. मला पाडून ट्रक उभे करायला जागा करायची होती.

मामांची मुलगी शाळेत गणित शिकवते. तिनं अर्ज केले, सह्या गोळा केल्या, शेवटी म्हाताऱ्या बापाला घेऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"बाई, जुन्या भिंती जगात खूप आहेत," साहेब म्हणाले. "हिचं काही काम चालतं का?"

मामा उसळले. "चालतं म्हणजे? आजही दोन माणसं हातानं इंजिन फिरवतील!"

"मग गुरुवारी अकराला फिरवून दाखवा. फिरलं तर शेड राहील. नाही तर शुक्रवारी पाडायचं मशीन येईल."

माझ्या पायातली वीट न् वीट हादरली.

मामांचे जुने जोडीदार जमले. सगळे निवृत्त, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची पाठ. त्यांनी तीन दिवस गंज खरवडला, खुंटात तेल ओतलं. रिकामा पूल कुरकुरत का होईना, फिरला.

गुरुवारी डिझेलनं ढकलत माझं शेवटचं इंजिन पुलावर आणलं. इंजिन तोलात कुठं उभं राहतं हे कळावं म्हणून मामांनी पूर्वी पुलावर रुळाशेजारी स्वतः पांढरी खूण मारली होती. बरोबर तिच्यावर त्यांनी ते उभं केलं. दोघांनी जोर लावला. पूल ढिम्म. मग चौघांनी, मग आठांनी. तसूभर हलेना.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आजोबा, गंजलंय ते. हट्ट सोडा."

"खूण माझ्या हातची आहे! चुकायची नाही!" मामा ओरडले. माझ्या डोळ्यांसमोर शुक्रवार उभा राहिला.

मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, खूण मारली तेव्हा इंजिनात काय काय होतं?"

"काय म्हणजे? मागच्या टाकीत काठोकाठ पाणी, वर कोळसा..." मामा बोलता बोलता थांबले. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, ही टाकी तर ठणठणीत कोरडी! मागं वजनच नाही! पहारी आणा! तीन हात मागे घ्या!"

चाकांना पहारी लागल्या. इंजिन बोटाबोटानं मागे सरकू लागलं. एकोणऐंशी वर्षांचे मामा खड्ड्याच्या काठावर पालथे पडून पुलाची टोकं निरखत होते. पुढचं टोक इतका वेळ खड्ड्याच्या तळाशी असलेल्या गोल रुळावर दाबून बसलं होतं, ते हळूच सुटलं. "बास!"

अंग झटकून ते उठले. "आता आम्ही दोघंच. मी आणि माझी लेक."

"अहो, आणखी माणसं घ्या," साहेब म्हणाले.

"दोघं म्हणालो होतो, दोघंच."

एका दांड्याला बाप, दुसऱ्याला लेक. क्षणभर काहीच झालं नाही. मग माझा पूल निघाला! आवाज न करता, डौलात, पूर्ण एक फेरी. जोडीदार गुडघे विसरून नाचले. मामा ढकलता ढकलता रडत होते आणि मी आनंदानं वेडी झाले होते.

साहेबांनी कोट काढला. "मी... मी ढकलून बघू का?"

"बघा की. पाय घट्ट रोवा फक्त."

दुसरी फेरी साहेबांनी मारली. घाम पुसत त्यांनी फोन लावला आणि शुक्रवारचं मशीन नको म्हणून सांगितलं.

आता माझ्या खिडक्यांना नव्या काचा आहेत आणि दर रविवारी पूल फिरतो. पिवळी नवी खूण आली, पण पांढरी मामांनी पुसू दिली नाही. "ती चुकलेली नाही, भरल्या टाकीची आहे," असं ते प्रत्येकाला बजावतात.

माझ्यासारख्या शेडी अजून कुठे कुठे कुलपात उभ्या असतील. एखादी दिसली तर ती मोडलीय असं परस्पर ठरवू नका. आधी तिथला एखादा जुना माणूस शोधा आणि त्याला विचारा.

आणि इकडेही या. येताना काही आणू नका, दोन्ही हात तेवढे मोकळे ठेवा. मामा कुणालाही ढकलल्याशिवाय परत जाऊ देत नाहीत.