अख्खी चकती

ऑर्नेल्लाच्या छऱ्यांनी हवेतल्या मातीच्या चकतीची धूळ उडालेली सगळ्यांनी पाहिली. पण चकतीचा तुकडा पडला का, यावर बाजूच्या पंचांचं एकमत होईना. मुख्य पंच बाल्दासारी टोपी काढून टाळू खाजवत बसला. ऑर्नेल्ला रिकामी बंदूक उघडून कोपरावर टाकून उभी होती. चकती फुटली असं ठरलं, तर युरोपच्या स्पर्धेला ती, नाहीतर तिच्या बरोबरीनं गुण झालेली लोरेदाना. चाळिशीला आलेल्या बाईला पुढच्या खेपेला कोण विचारणार होतं!

"मला वाटतं, फुटली," शेवटी बाल्दासारी म्हणाला. "मी गुण देऊन टाकतो—"

"थांबा! थांबा की जरा!"

ऑर्नेल्लाचे वडील, एवारिस्तो, कुंपण ओलांडून कधी गेले, कुणालाच कळलं नव्हतं. ते जिवंत कबुतरांच्या काळातले नेमबाज. मेलेलं कबुतर कुंपणाच्या आतून आणून दाखवलं की वाद मिटला, हा त्यांच्या वेळचा नियम. पुढे कबुतरं गेली, मातीच्या चकत्या आल्या, नियमांचं पुस्तक जाडजूड झालं. म्हाताऱ्यानं ते कधी उघडलं असेल तर शपथ!

गवतातून धापा टाकत ते येत होते. उंचावलेल्या हातात चकती. अख्खी. ऑर्नेल्लाला 'बाबा, टाका ती' असं ओरडावंसं वाटलं, पण तोवर ते पंचाच्या टेबलापाशी पोहोचले होते.

"हे बघ, बाल्दासारी! तीन भोकं! आरपार! माझ्या पोरीचा नेम आहे हा, काय समजलास?"

बाल्दासारीनं चकती हातात घेतलीच नाही.

"एवारिस्तो, भोकं चालत नाहीत रे. तुकडा पडायला लागतो. आणि हिचा तर टवकाही उडालेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हुकली. आता मी डोळे झाकू कसे, सांग."

लोरेदानासुद्धा हसली नाही. म्हाताऱ्यानं लेकीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं उमगलं. ऑर्नेल्लाला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त त्यांची दया येत होती.

"चला बाबा, घरी जाऊ."

ते हलले नाहीत. दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी चकती दाबली, पुन्हा दाबली. कट्कन आवाज झाला. तिचा एक तुकडा त्यांनी पंचाच्या टेबलावर हळूच ठेवला.

"हा घे तुकडा," ते म्हणाले. "आता तरी दे की रे."