थंडीत मजा नसते

बालवर्गाच्या बाई त्या दिवशी वर्गात शिरल्या त्याच दमलेल्या. एकोणतीस वर्षं चिमुरड्यांमागे धावून गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि नवऱ्याच्या खोकल्यापायी आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यात शुक्रवारी पालकांसमोर ऋतूची कविता. पुस्तकातली होती ती त्यांना झोपेतही म्हणता आली असती.

"म्हणा माझ्यामागून. थंडी आली, थंडी आली, मज्जाच मज्जा झाली!"

"थंडीत मजा नसते," भिंगरी म्हणाली. ही पोर एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत.

"का गं?"

"पाणी चावतं."

वर्ग खिदळला. बाईंनाही हसू फुटलं. पुस्तक मिटून त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'पाणी चावतं.'

"आणखी काय होतं थंडीत?"

मग काय, पोरांना ऊतच आला. "माझं नाक माझं ऐकतच नाही!" "आजी माझे मोजे पळवते!"

"तिच्या पायात बसतात?"

"हातात घालते!"

शेवटी भिंगरी उभी राहिली. "बाबा काळोखात जातात, काळोखात येतात. मला नुसता आवाज दिसतो."

"आवाज दिसत नसतो," कुणीतरी शहाणपण केलं.

"मला दिसतो."

बाईंनी कानामात्रा न बदलता ती ओळ उतरवून घेतली.

मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, पोरांच्या ओळींचा कागद वाचून खूश झाल्या. "झकास! फक्त ही काळोखाची ओळ काढा हं. वर्षातून एकदा येतात बिचारे पालक, त्यांना कशाला टोचायचं?"

दहा वर्षांपूर्वी बाई भांडल्या असत्या. आता उभं राहणंच जिवावर आलं होतं. "बरं," त्या म्हणाल्या.

भिंगरीला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं.

"माझी चुकली?"

"नाही गं. चुकली नाही."

"मग?"

बाईंनी खाली वाकून तिच्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

शुक्रवारी सगळं सुरळीत पार पडलं. मोज्यांच्या ओळीला तर टाळ्यांचा पाऊस पडला. भिंगरीची पाळी आली तेव्हा तिने हात अंगाला चिकटवून खणखणीत म्हटलं, "थंडी आली, मज्जा झाली!" इतक्या शहाण्यासारखं, की बाईंना तिच्याकडे बघवेना.

पालक पांगले. भिंगरी मात्र दाराशी थांबून होती. बऱ्याच वेळाने तिचे बाबा धापा टाकत आले. अंगात गोदामातलेच कपडे, गळ्यात ओळखपत्र.

"संपलं का, बाई? सुट्टी मागितली होती हो, पण ऐन वेळी अडवलं."

संपलं, म्हणून मोकळं होता आलं असतं. घरी औषधाची वेळ झाली होती. पण बाईंनी एक खुर्ची पुढे ओढली. "बसा."

खुर्ची बालवर्गाची, बाबांचे गुडघे हनुवटीला टेकले.

"भिंगरे, तुझी ओळ म्हण."

"ती काढली ना?"

"मी काढली. चुकलं माझं. म्हण तू."

भिंगरीने म्हटली. बाबांनी पुढे वाकून विचारलं, "आवाज कसा गं दिसतो?"

"किल्ली वाजते, मग दाराखाली उजेडाची रेघ येते. तेच."

"जागी असतेस होय! मग हाक का नाही मारत?"

"तुम्ही दमलेले असता."

बाबांनी तिला जवळ ओढलं. "मारत जा. दमलेला असलो तरी ओ देईन."

ती दोघं निघणार, तेवढ्यात बाबांनी विखुरलेल्या खुर्च्या पाहिल्या आणि न सांगताच एकावर एक रचायला घेतल्या. एरवी बाई "राहू द्या हो" म्हणत स्वतःच पुढे झाल्या असत्या. आज त्या तिथेच एका खुर्चीत बसल्या, पाय लांब केले, आणि त्यांना रचू दिल्या.