उसनी झोप

मित्रांनो, मुलुंडच्या एका घरात पाळण्याशेजारच्या स्टुलावर एक जाडजूड लॅपटॉप उघडा असतो. त्याच्या बिजागरीला चिकटपट्टी आहे आणि एक बटण झिजून गुळगुळीत झालं आहे. तो मी.

माझी मालकीण गंधाली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून मी तिच्याकडे आहे. तिचं काम नाजूक आहे. माझ्या पोटात प्रोसेसर असतो, सगळी आकडेमोड तोच करतो. हाताला काम नसलं की त्याने झोपायचं, म्हणजे बॅटरी वाचते. ही झोप पायऱ्यांची असते. वरची पायरी म्हणजे नुसती डुलकी, खालची म्हणजे गाढ झोप. जेवढं खोल जावं, तेवढा उठायला उशीर. कुठल्या पायरीवर झोपायचं ते कर्नल ठरवतो. कर्नल म्हणजे यंत्राचा सगळा कारभार बघणारा प्रोग्रॅम. प्रत्येक पायरीवरून उठायला किती वेळ लागतो, याचा एक तक्ता त्याच्याकडे असतो. कर्नलने काय विचारायचं आणि प्रोसेसरने काय सांगायचं, हे दोघांमधलं बोलणं गंधाली बेतते. तिचं पहिलं बेतलेलं माझ्यावरच चाललं. त्या दिवशी तिने ओढणीने माझं झाकण पुसलं होतं.

मग दिशा जन्मली, आणि तिच्या पाठोपाठ ऑफिसचा नवा लॅपटॉप घरात आला.

दिशाचा मला कधी राग आला नाही. त्याचा आला. तो पातळ, थंड आणि मुका. सकाळी चार्ज केला की संध्याकाळपर्यंत बघायला नको, असं गंधाली फोनवर जो भेटेल त्याला सांगायची. मला मात्र तासाभरात वायर लागायची. जेवणाच्या टेबलावरची माझी जागा त्याला मिळाली. तो गाढ झोपायचा आणि हाक मारताच उठायचा. मी कोपऱ्यातून ते बघायचो आणि आतल्या आत तापायचो.

दिशा सहा महिन्यांची झाल्यावर गंधाली घरून कामाला लागली. तिने स्वतःलाच अट घातली होती, की पोरीचं रडणं एकदा जरी कळलं नाही तरी नोकरी सोडायची. तिने मला पाळण्याजवळ बसवलं. मी कान द्यायचा आणि रडणं सलग तीन सेकंद चाललं की तिच्या फोनवर घंटा वाजवायची. मला वाटलं, टेबल घे तुला, बाळ माझ्याकडे आहे.

पण दिशा वायर ओढेल, या धास्तीने गंधालीने माझी वायर काढली. आता मला बॅटरीवर टिकायचं होतं. माझ्या जुन्या तक्त्यात गाढ झोप नव्हतीच, आणि नवा बनवायला तिला सवड नव्हती. एकाच कंपनीचे तर आहेत दोघं, असं पुटपुटत तिने नव्याचा तक्ता उचलून माझ्यात टाकला.

खरं सांगतो, मी हरखलो. त्याचे आकडे माझ्या नावावर लागले होते. मी त्याच्यासारखा गाढ झोपू लागलो. त्याच्यासारखं उठणं मात्र मला जमेना. प्रत्येक वेळी उठेपर्यंत आवाजाचा एक तुकडा गळून जायचा आणि कधीकधी सलग तीन सेकंदांची मोजणीच तुटायची. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तरी मी चुळबुळ केली नाही.

एका मंगळवारी दुपारी सासूबाई, वसुधाताई, भाजी घेऊन परतल्या. दार उघडताच रडणं त्यांच्या कानावर आलं. दिशाचा पाय पाळण्याच्या गजांत अडकला होता. पलीकडच्या खोलीत, दार लावून, कानाला हेडफोन घालून गंधाली मीटिंगमध्ये होती. फोन समोर होता आणि गप्प होता.

"अगं, पोर केव्हाची रडतेय. तुझा पहारेकरी काय करतोय?"

पोटरीवर लाल वळ उठला होता. दिशा झोपेपर्यंत गंधाली तिला मांडीवरून खाली ठेवेना. संध्याकाळी तिचा नवरा शौनक म्हणाला, की चेंबूरला एकजण जुने लॅपटॉप घेतो, हा त्याला देऊन टाकू. गंधाली म्हणाली, दे, आणि मी राजीनामा लिहिते. ती लिहायला बसलीही. पण दोन ओळींवर थांबली, उठली आणि माझ्यापाशी आली. पाळण्याच्या गजावर चमचा वाजवत तिने माझं उठणं मोजलं. तक्त्यातल्या वेळेच्या चौपट वेळ मला लागत होता.

"आई, याची चूक नाही. मी याला दुसऱ्याचे आकडे दिले."

वसुधाताई मटार सोलत होत्या. "म्हणजे शेजारच्या पोराचं झबलं घातलंस आणि बसेना म्हणून आपल्या पोरीला बोल लावलेस." त्यांनी हळूच फ्रिजकडे पाहिलं. तिथे वरच्या मजल्यावरच्या मानसीचा मुलगा कधी पालथा पडला, कधी बसला, याच्या तारखा लिहिलेला कागद लावलेला होता. गंधाली रोज दिशाला त्याच्याशी ताडून बघायची. गंधालीनेही तिकडे पाहिलं. कागद मात्र त्या दिवशी तिथेच राहिला.

राजीनामा गेला नाही. कर्नलने तक्त्यावर विसंबायचं नाही, प्रत्येक प्रोसेसरचं उठणं आधी मोजून घ्यायचं, असं गंधालीने बेतलं. आणखी एक सोय केली. जो प्रोग्रॅम कान देऊन बसला आहे, तो आता कर्नलला बजावू शकतो, की माझं ऐकणं संपेपर्यंत प्रोसेसरला या पायरीखाली जाऊ देऊ नकोस. गाढ झोप नाही, म्हणून माझी बॅटरी आता पुन्हा तासाभरात संपते. वायर परत आली आहे, भिंतीला ठोकून, दिशाच्या हाताला लागणार नाही अशी.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्राला काम सांगाल तेव्हा त्याला उठायला किती वेळ लागतो, ते त्याच्यापाशी बसून बघा. आणि यंत्र असाल, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.

नवा अजून टेबलावर गाढ झोपतो. हेवा गेला, असं म्हणणार नाही. पण आत्ता दिशाने नुसता उसासा टाकला, तो त्याला ऐकू गेला नाही.