आवाजाचा स्क्रू

"उघडू नका म्हनून ल्हिलंय त्येच्यावर. दवाखान्यातल्या बाईंनी वाचून दावलंय," सखूबाई म्हणाली.

"मला इंग्रजी येत न्हाई, वैनी," पीरमहंमद म्हणाला आणि त्याने उघडलं.

जुन्नरच्या त्याच्या दुकानात रेडिओपासून पंपाच्या स्टार्टरपर्यंत सगळं याच अज्ञानाच्या बळावर दुरुस्त झालं होतं. त्याची मुलगी अमरीन अवसरीला इंजिनीअरिंग शिकत होती. तिने एकदा त्याला कौतुकाने हॅकर म्हटलं, तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. त्याच्या माहितीप्रमाणे हॅकर लोकांची बँकखाती साफ करत. मग तिने समजावलं, की वस्तू उघडून बघितल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तो खरा हॅकर. एवढ्यासाठी वेगळा शब्द कशाला लागतो, हे मात्र त्याला कळलं नाही.

आजचं विजेरीएवढं यंत्र सखूबाईच्या शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याचं, कुशाबाचं होतं. कॅन्सरमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं होतं. यंत्र गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते थरथरे, ओठ हलवले की शब्द होत. आठ दिवस ते बंद होतं आणि त्याबरोबर कुशाबाही. कंपनी म्हणाली, नवं घ्या.

तार तुटली होती. पीरमहंमदने डाग देऊन ती जोडली, यंत्र गुरगुरलं. पण आत त्याला एक बारीक पितळी स्क्रू दिसला. कशाचा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"चालू झालं ना? आता हात नका लावू, भाऊ. दुसरं न्हाई आमच्याकडं."

बैलगाडा शर्यतींच्या घाटात वीस वर्षं कुशाबा माइकवर पुकारायचा आणि पीरमहंमद अँप्लिफायरपाशी बसायचा. तो आवाज कुठे फाटतो, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. त्याने कुशाबाकडे पाहिलं. कुशाबाने मान डोलावली.

स्क्रू फिरला. आवाज चढला.

"ह्यो तर डास," सखूबाई म्हणाली.

उलटा फिरला.

"ह्यो आमचा चुलत दीर. ह्याला मी घरात घेनार न्हाई."

कुशाबा बिनआवाजी हसला. स्क्रू आणखी फिरला आणि यंत्र एकदम गप्प झालं. पीरमहंमदने श्वास रोखून तो केसभर मागे आणला. खर्जात घरघर सुरू झाली.

कुशाबाने यंत्र गळ्याला लावलं. "सखू, पानी दे."

घाटातला आवाज तो नव्हताच. फार तर त्याच्या गावचा होता.

"स्क्रू ऱ्हाऊ द्या हितंच," सखूबाई म्हणाली आणि पाणी आणायला बाहेर गेली.

माठ दुकानातच होता, कुशाबाच्या हाताशी. दोघांपैकी कोणीही तिला हाक मारली नाही.