दार विसरलेली गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. पण मला अंगणात पसरून नीट पाहा, म्हणजे तुम्हांला घर दिसेल.

मुळशीच्या एका वाडीत १९५६ साली बहिरूने कारवीच्या काड्यांचा कूड, म्हणजे घराची जुनी भिंत, पाडून विटांच्या भिंती उभ्या केल्या. त्याची बायको गोजराबाई गवंड्याचे काम पाहत बसे. गवंडी तिला म्हणाला, "वहिनी, सांध्यावर सांधा येऊ दिला तर भिंत चिरती." ते तिने मनात ठेवले. मुलगी पारू पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिच्यासाठी गोजराबाईने लाल लुगड्याचे तुकडे विटांसारखे, सांधा चुकवून जोडले. काठाला जोत्याच्या दगडांसारखे काळे तुकडे लावले. मधोमध पाडलेल्या कुडाची आठवण म्हणून कारवीच्या काड्यांसारखे आडवे-उभे टाके घातले.

शेजारणी मला पाहायला आल्या. बहिरू मात्र म्हणाला, "घर झ्याक बांधलंस. पन दार कुटं हाय? मी शिरायचं कुटनं?"

"तुमी भाईरच बरे. नुस्त्या बिड्या वढताय."

सगळे हसले. मीही त्या हसण्यात सुखावले.

पुढे पारू अडली. सकाळपासून ती माझ्या घडीला टेकून कळा देत होती. उन्हं माथ्यावर आली तरी सुटका होईना. सुईण फुलाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "घरात काय बांधलेलं, झाकलेलं ऱ्हायलंय का? समदं सोडा." बांधलेलं सुटलं की अडलेली बाईही सुटते, अशी आमच्याकडची रीतच. बहिरूने पेटीचे कुलूप काढले, रांजणावरचे झाकण काढले, शेरडांची दावी सोडली. शेवटी स्वतःचे मुंडासेही सोडले.

"धोतर तेवढं ऱ्हाऊ द्या, दाजी," फुलाबाई म्हणाली. कुणी हसले नाही.

तेवढ्यात गोजराबाईची नजर माझ्यावर गेली. तिचा चेहरा उतरला. "आगं बया, हिला म्या दारच ठिवलं न्हाई."

तिने मला पारूच्या पाठीमागून काढून बाहेर आणले, दातांनी माझा काठ धरला आणि एक-एक टाका उसवत गेली. मला वाटले, माझे आयुष्य संपले. दोन विटा सुट्या झाल्या, हात जाईल एवढी फट पडली आणि ती थांबली.

थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली. मुलगी माझ्यामुळे झाली, असे मी म्हणणार नाही; फुलाबाईचे हात अनुभवी होते. पण बहिरू उंबऱ्यावर मटकन बसला आणि सुटलेल्या मुंडाशाने डोळे पुसत राहिला, हे मी पाहिले आहे. शेरडे तोवर शेजाऱ्याच्या वाटाण्यात पोचली होती. त्या दिवशी त्यांना कुणी बोलले नाही.

ती मुलगी रत्ना आता, १९६४ साली, शाळेत जाते. माझा रंग विटला, दोनदा मी माळ्यावर धूळ खात पडले, उंदरांनी एक कोपराही नेला. मागच्या थंडीत पारू मला माहेरी आणून सांधायला बसली, तेव्हा त्या फटीपाशी येताच गोजराबाईने तिचा हात धरला. "तेवढं ऱ्हाऊ दे. तितनंच तुजी लेक आली."

म्हणून मित्रांनो, जुन्या गोधड्या फेकू नका, जरूर सांधा. पण सुई ओवण्याआधी ज्या हातांनी ती शिवली त्यांना एकदा विचारा. रत्ना अजून माझ्या दारात हात घालूनच झोपते.