दोन टोकांनी लिहिलेली वही

मी एक जुनी लांब वही आहे, मित्रांनो, निळ्या कापडी पाठीची. माझी शिवण सैल झाली आहे आणि मी फार दमले आहे.

सरकारी कारखान्यात इंजिनिअर असलेल्या विद्याधररावांनी मला जे. पी. नगरच्या घरी आणलं. त्यांची मुलं श्रीहर्ष आणि गौरी यांनी माझ्यात सप्तघाट नावाचं राज्य वसवलं. शाप, राक्षस, लढाया आणि सगळ्यांवर राणी तारिणी. पाहुणे आले की चहाच्याही आधी मला दाखवत.

मग मुलांची आई, हेमलताबाई, आजारपणात गेल्या. त्याच आठवड्यात गौरीने राणीला नदीत बुडवलं आणि दक्षिण घाटावर तिची समाधी बांधली. श्रीहर्षने ते वाचलं. त्याने मला उलटं केलं आणि शेवटच्या पानापासून लिहायला घेतलं. तिथे राणी उत्तरेच्या किल्ल्यात जिवंत होती. ती पानं तो कुणाला दाखवत नसे.

पुढची वीस वर्षं मी माळ्यावर होते. कसरीने माझे कोपरे खाल्ले.

गेल्या वर्षी गौरीने मला बेळ्ळंदूरला, तिच्या छोट्या कंपनीत नेलं. सप्तघाटचा गेम करायचा होता. घाईत तिने मागची पानं न वाचताच टाइप करायला दिली. गेम खेळून चुका शोधायचं काम महांतेशचं, तो बेळगावकडचा.

"मॅडम, दक्षिणेला राणीच्या समाधीवर दिवा लावला. उत्तरेला गेलो तर तीच दारात उभी. मेली की नाही, एकदा ठरवा की."

"मेली. मागची पानं दादाची आहेत, ती काढून टाकू."

पानं फाडायला तिने माझ्या शिवणीला पट्टी लावली. मला भीतीसुद्धा वाटली नाही, इतकी मी थकले होते.

"काढा की," महांतेश म्हणाला. "पण बाई झकास होती. युद्ध चालू आहे आणि ही प्रत्येक शिपायाला सांगते, सावकाश जा रे, तुला घाई फार."

पट्टी थांबली. हे वाक्य हेमलताबाई रोज सकाळी दारात म्हणत. गौरीने खुर्ची ओढली, माझी मागची पानं संध्याकाळपर्यंत वाचली आणि भावाला फोन केला.

श्रीहर्ष शहराच्या दुसऱ्या टोकाहून, येलहंक्याहून, दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकून आला.

"एवढ्यासाठी बोलावलंस, गौरे? फाड. पोरखेळ तो."

"मग लपवलास कशाला, दादा?"

त्याने समाधीचं पान उघडलं. "तू तिला पहिल्याच आठवड्यात मारलंस."

"मला घरात आईबद्दल कुणी काही सांगत नव्हतं. मग मीच लिहून टाकलं."

दोघांची अक्षरं जिथे भेटत होती, तिथे एक पान कोरं होतं. त्यावर गौरीने लिहिलं : पुराने सगळे घाट तुटले. राणी गेल्याची बातमी उत्तरेला पोचलीच नाही, आणि ती पोचेपर्यंत राणी तिथे जिवंत आहे.

महांतेशने वाचलं. "सरी, बरोबर. पण कुणीतरी घेऊन जाणार की ती बातमी."

"खेळणारा नेईल," गौरी म्हणाली. "सांगायची की नाही, ते त्याने ठरवायचं."

गेम तयार झाल्यावर पहिला डाव श्रीहर्ष खेळला. किल्ल्याच्या दारापर्यंत गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि बातमी न सांगता परत फिरला. गौरीने त्याला कारण विचारलं नाही.

मित्रांनो, एकाच वहीतल्या दोन गोष्टी जुळत नसल्या, तर पान फाडायची घाई करू नका. ज्याने ते लिहिलं, त्याला आधी बोलावून घ्या. उशीर झाला तरी चालेल. आम्ही वह्या थांबतो.