दरवाज्याचं टेबल आणि अप्पांची फुलं

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे आणि सध्या टेबल म्हणून काम करतो. डोळे मोठे करू नका. माणसं नाही का, आयुष्यभर एक नोकरी करतात आणि निवृत्त झाल्यावर दुसरीकडे चिकटतात? तसंच माझं.

आधी मी एका गोदामाला होतो. जाडजूड, उंच, मधोमध भली मोठी कडी. उशिरा येणारा कामगार चोरपावलांनी आत शिरायला लागला की मी मुद्दाम जोरात करकरायचो आणि मुकादम मान वळवून बघायचा. एवढी करमणूक मला पुरायची. पुढे गोदाम पाडलं आणि मी भंगारवाल्याच्या अंगणात भिंतीला पाठ टेकून पडलो. तिथे एक दिवस अप्पा आले. त्यांनी बोटाच्या पेराने माझ्यावर दोनदा टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "टणक आहे. हा आणि याच्या बरोबरचे सगळे द्या."

अप्पांना रस्त्याच्या कोपऱ्यावर चहा-कॉफी आणि ऑम्लेट-टोस्टचं छोटं हॉटेल काढायचं होतं. सुताराने आम्हाला आडवं केलं, कापलं आणि पाय लावले. माझ्या कडीच्या भोकात दुसऱ्या लाकडाचा गोल तुकडा ठोकून बसवला. तो अजून आहे. लहान मुलं आली की पहिलं बोट तिथेच जातं. माझा एक पाय मात्र किंचित आखूड निघाला. सुतार म्हणाला फरशी वाकडी आहे, अप्पा म्हणाले सुताराची नजर वाकडी आहे. खरं काय ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. त्या लंगड्या पायावर माझं अर्धं आयुष्य मजेत गेलंय. कोणी फार ऐटीत कोपर टेकून मोठमोठ्या बाता मारायला लागलं की मी जरासा डुगडुगतो. कॉफी बशीत, आणि बाता खिशात.

सुरुवातीची वर्षं झकास गेली. चकचकीत लाखेचं पॉलिश होतं, लोक माझ्यात बघून केस नीट करायचे. पण हॉटेलातल्या टेबलाचं आयुष्य म्हणजे काय विचारता? सकाळपासून गरम पेले, सांडलेलं दूध, लिंबू, तेलकट हात, आणि वर ओलं फडकं. घरातलं टेबल दिवसातून एकदा पुसतात, आम्हाला प्रत्येक गिऱ्हाइकामागे पुसतात. लाख बिचारी किती सोसणार? माझ्या अंगावर पेल्यांची पांढरी वर्तुळं उमटली. मग कडा उघड्या पडल्या. मग मी चिकट झालो.

आता चिकट होण्यातही मजा असते, खोटं कशाला बोलू. वर्तमानपत्र ठेवलं की त्यातल्या बातम्या उलट्या अक्षरात माझ्यावर छापल्या जायच्या. शाळेच्या एक मास्तरीणबाई वह्या तपासायला बसायच्या, त्यांची वही मी अशी धरून ठेवायचो की उचलताना फर्रर्र आवाज यायचा. पण एक दिवस पांढऱ्या शुभ्र शर्टातला एक विमाएजंट बसला. उठला तेव्हा त्याच्या कोपरावर माझ्या पॉलिशचा तपकिरी डाग होता. तो सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "टेबल आहे की माशा पकडायचा कागद?"

ते दादाच्या जिव्हारी लागलं.

दादा म्हणजे अप्पांचा मुलगा. गल्ला तो बघतो, स्वयंपाकघर त्याची बहीण ताई बघते. आणि अप्पा दाराजवळच्या खुर्चीत बसून दोघांना बघतात. दादा दुसऱ्याच दिवशी सनमायकाचा एक तुकडा घेऊन आला. हातभर लांबीचा नमुना. माझ्यावर ठेवला आणि म्हणाला, "हे चिकटवू सगळ्या टेबलांना. पुसलं की झालं."

मी त्या तुकड्याकडे पाहिलं. त्याच्यावर लाकडाचं चित्र छापलेलं होतं. मित्रांनो, विचार करा. माझ्या खऱ्याखुऱ्या लाकडावर लाकडाचं चित्र चिकटवणार. तुमच्या तोंडावर तुमचाच फोटो डिंकाने चिकटवला तर कसं वाटेल? आणि एकदा चिकटवलं की मी कायमचा आत. कडीचं भोकही गेलं, मुलांचं बोटही गेलं.

"अप्पांनी एकेक दरवाजा हौसेने आणलाय," ताई म्हणाली. "पॉलिश करू या ना परत."

"मागच्या वेळचं विसरलीस?" दादा म्हणाला. "थिनरच्या वासाने आठवडाभर कॉफीला रंगाच्या दुकानाची चव होती. मी विचारलं कॉफी कशी झालीय, तर गिऱ्हाईक म्हणालं, दुसरा हात मारा."

"वास न येणारं मिळतं आता. पाण्यातलं."

हे ऐकून पॉलिशवाले मामा पोट धरून हसले. मामा कोणाचे मामा ते कोणालाच माहीत नाही, सगळा रस्ता त्यांना मामा म्हणतो. "पाण्यात मिसळतं ते पाण्यापुढे काय टिकणार, ताई? पहिल्या फडक्याला वाहून जाईल."

"मग लावून बघू. तुमची लाखही लावा शेजारी. जो टिकेल तो खरा."

ठरलं असं की सगळ्यांत वाईट दिसणाऱ्या टेबलावर प्रयोग करायचा. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. एकाने तरी क्षणभर विचार करायचा होता. माझ्यावर तीन पट्टे ओढायचे: एक लाखेचा, एक साध्या पाण्यातल्या पॉलिशचा आणि भिंतीकडचा एक अशा पाण्यातल्याच पॉलिशचा, ज्यात लावण्याआधी ते कडक करणारं हार्डनर मिसळावं लागतं. एक तरी पट्टा टिकला तर सगळी टेबलं त्याने रंगवायची. नाही टिकला तर सोमवारी सनमायकावाला येणार. दादाने त्याला सांगूनही ठेवलं.

सुट्टीच्या दिवशी मामांनी मला घासलं. इतक्या वर्षांची चिकटी निघाली आणि मला पुन्हा वारा लागला. मग पाण्यातल्या पॉलिशचा पहिला हात बसला आणि माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला. लाकडाला ओल लागली की तंतू उभे राहतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मामांनी वाळल्यावर बारीक कागदाने हलकेच घासलं, मग दुसरा पातळ हात, मग तिसरा. हार्डनरवालं पॉलिश मात्र त्यांनी एकदम मगभर कालवून ठेवलं आणि समोरच्या पानवाल्याकडे गप्पा मारायला गेले. मिसळलेलं पॉलिश गप्पा संपायची वाट बघत नाही. पट्टा कसाबसा पुरा झाला, पण उरलेल्यात ब्रश तसाच राहिला, तो सकाळी मगात ताठ उभा होता. मामा उचलायला गेले तर मगही बरोबर आला.

"झेंडा लावा याला," ताई म्हणाली.

पण त्याआधी, संध्याकाळी, खरी गंमत घडली. सगळे घरी गेले आणि अप्पा एकटे राहिले. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं. हाताला काही लागलं नाही. "वाळलं," ते स्वतःशीच म्हणाले. मग रस्त्याकडे बघितलं, धूळ उडत होती. माझ्या काळजीपोटी त्यांनी फ्रिजवरचं प्लास्टिकचं कव्हर ओढलं आणि मायेने माझ्यावर पसरलं. कडेने नीट दाबूनसुद्धा बसवलं.

मित्रांनो, मी आतून बोंबलत होतो. पॉलिश वरून वाळतं, आतून पक्कं व्हायला त्याला दिवस लागतात, आणि तोवर त्याला हवा हवी असते. पण दरवाजा असतो तर करकरलो तरी असतो. टेबल काय करणार? मी डुगडुगलो. अप्पा म्हणाले, "थंडी वाजतेय का रे?" आणि प्लास्टिक आणखी घट्ट केलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी ते ओढून काढलं. चर्रर्र आवाज आला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, प्लास्टिककडे पाहिलं, ते घडी करून फ्रिजवर ठेवलं आणि खुर्चीत जाऊन छताकडे बघत बसले.

दादा आला. तिन्ही पट्ट्यांवर खड्डे खड्डे. "संपलं," तो म्हणाला. "एका रात्रीत ही दशा. एकही टिकला नाही." मामा म्हणाले, "पाण्यातल्याचं मी सांगितलंच होतं." ताई म्हणाली, "आणि तुमच्या लाखेचं काय सांगितलं होतं?" मामा ब्रश आणि मग घेऊन बाहेर गेले.

दादाने सनमायकावाल्याला फोन लावला.  ताई खाली वाकली आणि तिने माझ्यावर बाजूने उजेड येईल असं बघितलं. मी तर श्वास रोखून धरला. ती म्हणाली, "दादा, फोन ठेव जरा. हे खड्डे नाहीत. ही फुलं आहेत."

"कसली फुलं?"

"पाच पाकळ्यांची. मधे टिंब. ही मी रोज बघते." ती सरळ फ्रिजकडे गेली, प्लास्टिक आणलं आणि माझ्यावर पसरलं. प्लास्टिकवरच्या उठावाच्या फुलांशी ठसे जुळले: फुलावर फूल बसलं, पाकळीवर पाकळी.

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा अजून छत न्याहाळत होते.

"अप्पा," दादा म्हणाला.

"धूळ बसली असती," अप्पा म्हणाले.

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"तू हसला असतास."

दादाने न हसायचा फार प्रयत्न केला. आधी ताई फुटली, मग तो. मग बाहेरून मामाही हसायला लागले, त्यांना तर काय झालंय तेही माहीत नव्हतं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंच होतं, हाताला वाळलं तरी आठवडाभर झाकू नका, गरम ठेवू नका, ओलं पुसू नका. अप्पांचा चष्मा मात्र नेहमीप्रमाणे कपाळावर होता.

दादा माणूस सरळ आहे. फोनवर तो म्हणाला, "सोमवारी नको, पुढच्या आठवड्यात बघू." आणि ताईला म्हणाला, "एकच संधी. आणि अप्पांना फ्रिजपासून लांब ठेव."

पुन्हा घासणं, पुन्हा तीन पट्टे. मामांनी या वेळी हार्डनर थोडं थोडंच कालवलं आणि पानवाल्याला तिथूनच हात केला. मग मला आठवडाभर आराम. माझ्याभोवती खुर्च्या उलट्या करून ठेवल्या. मला आरामाची सवय नाही हो. शेजारची टेबलं चमच्यांचा आवाज करून मला चिडवायची. अप्पा रोज माझ्याजवळ यायचे, हात मागे बांधून उभे राहायचे आणि परत जायचे.

आठवडा संपला आणि छळ सुरू झाला. दादाने तिन्ही पट्ट्यांवर गरम कॉफीचे पेले ठेवले. लिंबू पिळलं. तेल सांडलं. मास्तरीणबाईंनी हात स्वच्छ करायच्या सॅनिटायझरचे थेंब प्रत्येक पट्ट्यावर टाकले. "मी मुलांच्या पेपरांत एवढं निर्दयपणे वागत नाही," त्या म्हणाल्या. शेवटी दादा शेगडीवरची उकळती किटलीच घेऊन आला.

"किटली खाली ठेव," ताई म्हणाली. "गिऱ्हाईक किटली घेऊन जेवतं का? रोज जे होतं तेवढं कर."

सगळं तसंच रात्रभर सोडलं आणि सकाळी पुसलं. सॅनिटायझरच्या थेंबांनी लाख विरघळून पांढरी पडली होती. मामांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं नापास झालेल्या भाच्याकडे बघतात. साधा पट्टा पाण्याला आणि लिंबाला पुरून उरला होता, पण पेल्याखाली फिकट वर्तुळ राहिलं होतं आणि तेलाखाली तो नखाला मऊ लागत होता. घरातल्या टेबलाला तो चालला असता. भिंतीकडचा, हार्डनरवाला पट्टा जसाच्या तसा होता. दादाने नखाने उकरून पाहिलं, उजेडात वाकून पाहिलं. मग त्याने शर्टाची बाही सरळ केली, कोपर माझ्यावर दाबून टेकवलं, थोडा वेळ थांबला आणि उचललं.

आवाज नाही. डाग नाही.

"नको बोलवायला त्याला," तो म्हणाला. सनमायकावाल्याबद्दल.

मग आम्हा सगळ्यांचा थाट झाला. प्रत्येक सुट्टीला दोन-दोन टेबलं, म्हणजे हॉटेल एकही दिवस बंद नाही. चकचकीत नाही, मंद झळाळीचं पॉलिश, कारण चकचकीत पॉलिशवर प्रत्येक ओरखडा मिरवत बसतो. मामांनी कडांना आणि खालच्या बाजूलाही हात मारला, कारण पाणी तिथूनच गुपचूप शिरतं. हल्ली ते रस्ताभर सांगत फिरतात की पाण्यातल्याची कल्पना त्यांचीच.

माझी पाळी शेवटी आली. मामा भिंतीकडचा कोपरा घासायला लागले तेव्हा अप्पा खुर्चीतून उठून आले. दुसऱ्या वेळच्या घासण्यातून तिथे एक फूल वाचलं होतं. "तेवढं राहू दे," ते म्हणाले. मामांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "राहू दे. तिथे कोण बसतंय." ते फूल अजून आहे. कडीच्या भोकाला कंटाळलेली मुलं बोटाने तेच शोधतात.

तर मित्रांनो, आम्हा टेबलांवर प्रेम करा, पण गुदमरवू नका. नव्या पॉलिशला वेळ द्या. सांडलं तर लगेच पुसा, फडकं पिळून घ्या आणि उकळती किटली दुसरीकडे ठेवा. एवढं केलंत तर मी तुमच्या नातवंडांनाही कॉफी पाजीन.

आणि हो, तो सनमायकाचा नमुना. अप्पांनी त्याचा चौकोनी तुकडा कापला आणि माझ्या लंगड्या पायाखाली सरकवला. जो माझ्या डोक्यावर बसणार होता, तो आता माझ्या पायाशी आहे. मी अगदी स्थिर उभा असतो. फक्त कोणी फार ऐटीत बाता मारायला लागलं, की तो तुकडा जरासा बाजूला सरकवतो.